चिपचे दुखणे आणि सॉफ्टवेअरची मात्रा

औषधाच्या खोक्यात एक पातळ कागद घडी घालून ठेवलेला असतो. हे औषध कोणी घेऊ नये, कशासोबत घेऊ नये, कोणता त्रास होऊ शकतो, हे त्यात बारीक अक्षरांत छापलेले असते. बहुतेक जण तो न वाचताच टाकून देतात. आपल्या मोबाइलमधल्या आणि कॉम्प्युटरमधल्या प्रोसेसरचाही असाच एक कागद असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इंटेल, एएमडी, आर्म अशा कंपन्या आपल्या प्रोसेसरसाठी तो प्रसिद्ध करतात. त्याला ‘एराटा’ म्हणतात, म्हणजे शुद्धिपत्र. अमुक हुकूम अमुक क्रमाने आले तर हा प्रोसेसर चुकू शकतो, अशा नोंदी त्यात असतात. एकदोन नव्हे, पुष्कळदा डझनांनी असतात.

पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. प्रोसेसरचे तसे नाही. तो सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कायमचा कोरलेला असतो. चूक लक्षात येईपर्यंत तो लाखो-कोटी उपकरणांत जाऊन बसलेला असतो. प्रत्येकाच्या हातातला फोन परत मागवून आतली चिप बदलणे कोणालाच परवडणारे नाही. मग ही यंत्रे रोज बिनचूक कशी चालतात? याचे उत्तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या आणि विशेषतः ते ‘बांधणाऱ्यां’च्या कामात आहे. चिप तशीच राहते. तिच्या दुखऱ्या जागेवर बोट पडणार नाही, अशी काळजी ते घेतात.

सिकलसेलचा धडा

पूर्व विदर्भातल्या डॉक्टरला ही पद्धत परकी वाटत नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडून येणाऱ्या रुग्णांमध्ये सिकलसेल नेहमी भेटतो. हा आजार म्हणजे जन्मतः आलेली एका अक्षराची चूक. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवण्याची जी कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते, तिच्यात एका जागी ‘ए’ऐवजी ‘टी’ येतो. त्यामुळे साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसते. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्ण वेदनेने तळमळतो.

हे अक्षर कोणत्याही गोळीने दुरुस्त होत नाही. मग आम्ही हायड्रॉक्सियुरिया देतो. बाळ पोटात असताना शरीर एक वेगळे हिमोग्लोबिन वापरते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे उत्पादन जवळपास थांबते. या औषधाने ते पुन्हा काही प्रमाणात सुरू होते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला ‘कॅसजेव्ही’ हा जनुक-संपादनाचा उपचारही चुकलेल्या अक्षराला हात लावत नाही. तो दुसरीकडचे एक बटण बंद करतो, ज्यामुळे ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. म्हणजे दोष जागेवरच राहतो; शरीराला दुसऱ्या वाटेने नेले जाते. प्रोसेसरच्या दोषांवरचे उपाय नेमके याच जातीचे आहेत.

पेंटियमचा भागाकार

या विषयातले सर्वांत गाजलेले प्रकरण १९९४ मधले आहे. इंटेलचा पेंटियम प्रोसेसर तेव्हा नुकता बाजारात स्थिरावत होता. ज्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हटले जाते त्या विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, त्यामुळे आपल्याकडेही या चिपचे कौतुक होते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या उत्तरांत मेळ बसेना. त्यांनी एकेक शक्यता तपासून बाद केली आणि शेवटी बोट प्रोसेसरकडे वळले.

दोष भागाकारात होता. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२० यायला हवे. पेंटियम देई १.३३३७३९. चौथ्या दशांशस्थळाला घोटाळा. भागाकार वेगाने करण्यासाठी चिपमध्ये एक तयार तक्ता कोरलेला होता, आपण पाढे पाठ करतो तसा. इंटेलने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार त्या तक्त्यातल्या १,०६६ नोंदींपैकी पाच गाळल्या गेल्या होत्या. तेवढ्या पाच घरांत पाऊल पडले तरच उत्तर चुके.

इंटेलला हा दोष त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्वतःच्या तपासणीत आढळला होता, पण ग्राहकांना सांगितला गेला नव्हता. नाइसली यांनी ऑक्टोबरअखेर आपले निरीक्षण इतरांना कळवले आणि बोभाटा झाला. सामान्य माणसाला ही चूक हजारो वर्षांतून एकदा भेटेल, असे कंपनीचे म्हणणे होते. लोकांना ते पटले नाही. आयबीएमने डिसेंबरात पेंटियमचे कॉम्प्युटर पाठवणे थांबवले आणि अखेर मागेल त्याला चिप बदलून देण्याचे इंटेलने जाहीर केले. त्यासाठी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला.

पण चिप बदलून मिळेपर्यंत काय? इथे सॉफ्टवेअरची मात्रा कामी आली. मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर तयार करणारे क्लीव्ह मोलर, टिम को, नॉर्वेचे तेर्ये मॅथिसन, पीटर टँग अशा काही जणांनी मिळून एक सोपा उपाय शोधला. भागाकार करण्यापूर्वी भाजक पाहायचा. तो धोक्याच्या गटातला नसेल तर नेहमीप्रमाणे भागायचे. असेल तर भाज्य आणि भाजक दोघांनाही १५/१६ ने गुणायचे. वर-खाली एकाच संख्येने गुणले तर उत्तर बदलत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण भाजक मात्र धोक्याच्या घरातून बाहेर सरकतो. मायक्रोसॉफ्टसारख्यांनी आपल्या कंपायलरमध्ये अशा तपासणीची सोय दिली. ती चालू केली की तयार होणाऱ्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक भागाकाराला हे पथ्य आपोआप लागू होई.

कंपायलर आणि लिंकर

कंपायलर म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. प्रोग्रॅमर माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्रॅम लिहितो. प्रोसेसरला मात्र फक्त आकड्यांतले छोटे छोटे हुकूम कळतात. कंपायलर हा त्या दोघांमधला दुभाषा. मोठा प्रोग्रॅम अनेक तुकड्यांत लिहिला जातो आणि कंपायलर प्रत्येक तुकड्याचे वेगवेगळे भाषांतर करतो. मग येतो लिंकर. तो या सगळ्या तुकड्यांची एकत्र बांधणी करतो, कोणता तुकडा कुठे बसेल ते ठरवतो आणि एकमेकांचे पत्ते जुळवतो. पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर कंपायलर भाषांतरकार आणि लिंकर बाइंडर.

या दोघांच्या कामातला फरक समजायला आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-ए५३ हा प्रोसेसर उत्तम उदाहरण आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेला हा प्रोसेसर स्वस्त आणि मध्यम किमतीच्या असंख्य अँड्रॉइड फोनमध्ये बसला. शाळा-कॉलेजांत प्रयोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटरमध्येही तोच आहे. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोन दोष निघाले. शुद्धिपत्रात त्यांना क्रमांक आहेत: ८३५७६९ आणि ८४३४१९.

पहिल्या दोषात स्मृतीतून काही वाचण्या-लिहिण्याच्या हुकमाला लागून एका विशिष्ट प्रकारचा गुणाकार-बेरजेचा हुकूम आला, तर उत्तर चुकण्याची शक्यता असते. यावरचा उपाय कंपायलर करतो. त्या दोन हुकमांच्या मध्ये तो ‘काही करू नकोस’ असा एक रिकामा हुकूम घालतो. गरोदर मातांना आम्ही लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या, असे सांगतो. एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही. दोन्ही गोळ्या चांगल्याच असतात, फक्त त्यांचे शेजारपण चालत नाही. इथेही तसेच. मध्ये एक श्वास घेतला की काम सुरळीत.

दुसरा दोष अधिक चकवणारा आहे. एक वही डोळ्यांसमोर आणा. तिच्या प्रत्येक पानावर १,०२४ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत एक हुकूम. ‘अमुक माहिती कोणत्या पानावर आहे तो पत्ता काढ’ असा एक हुकूम असतो. तो नेमका पानाच्या शेवटच्या दोन ओळींपैकी एकीवर आला, त्याच्या पाठोपाठ स्मृतीतून वाचण्या-लिहिण्याचा हुकूम आला आणि लगेच त्या काढलेल्या पत्त्यावर जाण्याचा हुकूम आला, तर प्रोसेसर चुकीच्या पत्त्यावर जाऊ शकतो. एकाचे पत्र दुसऱ्याच्या घरात. प्रोग्रॅम बंद पडू शकतो किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीची माहिती घेऊन तसाच पुढे चालू राहू शकतो.

इथे कंपायलरचे काही चालत नाही. तो एकेका तुकड्याचे भाषांतर करत असतो. कोणती ओळ पानाच्या तळाशी पडेल हे त्याला कळणारच नाही. ते फक्त बांधणी करणाऱ्या लिंकरला कळते. म्हणून यावरचा उपचार लिंकरकडे आला. सगळी पाने लावून झाली की तो प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन ओळी तपासतो. धोक्याचा क्रम सापडला तर त्यातला शेवटचा हुकूम तिथून उचलतो आणि एका सुरक्षित रिकाम्या जागी नेऊन ठेवतो. मूळ जागी लिहितो, ‘तिकडे जा’. तिथले काम झाले की पुढे लिहिलेले असते, ‘परत ये’. हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीला आम्ही बायपास करतो तसाच हा बायपास. कधी कधी त्याहून सोपी वाटही निघते: पत्ता काढण्याच्या हुकमाऐवजी तेच काम करणारा दुसरा, निर्धोक हुकूम ठेवता येतो.

अँड्रॉइडसाठी सर्वसाधारण ६४-बिट ॲप बांधताना हा लिंकरचा उपाय आता मुळातच चालू असतो. तुमच्या फोनमध्ये ए५३ असो वा नसो, ॲपच्या पोटात ही खबरदारी असतेच. गावातल्या आशाताई ज्या फोनवर गरोदर मातांच्या नोंदी भरतात, शेतकरी ज्या फोनवर धानाचे भाव पाहतो, त्या फोनमध्ये कोणी तरी कुठे तरी हे पथ्य पाळून ठेवलेले असते. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

औषधाबरोबर दुष्परिणामही

कोणतीही मात्रा फुकट काम करत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जगासमोर आले. वेग वाढवण्यासाठी आजचे प्रोसेसर पुढचे काम कोणते येईल याचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवतात. अंदाज चुकला तर केलेले काम टाकून देतात. पण टाकून दिलेल्या कामाच्या खुणा मागे राहतात आणि त्या खुणांवरून दुसऱ्याची गुप्त माहिती काढता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले. रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, बँकेचे पासवर्ड ज्या कॉम्प्युटरमध्ये असतात, त्यांच्यासाठी ही गंभीर गोष्ट होती.

मेल्टडाउनवर उपाय ऑपरेटिंग सिस्टीममध्ये करावा लागला. स्पेक्टरच्या एका प्रकारावर गुगलमधील पॉल टर्नर यांनी ‘रेटपोलिन’ नावाची युक्ती काढली. कंपायलर उड्या मारण्याचे हुकूम अशा रीतीने रचतो की प्रोसेसरने अंदाज बांधलाच तर तो एका निरुपद्रवी चक्रात फिरत राहतो आणि खरी उडी सुरक्षितपणे पार पडते. दोष आटोक्यात आला, पण वेगाची किंमत मोजून.

२०१९ मध्ये इंटेलच्या काही प्रोसेसरमध्ये वेगळीच व्याधी सापडली. उडीचा हुकूम ठरावीक सीमारेषेवर आला तर गडबड होऊ शकत होती. इंटेलने प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म प्रोग्रॅममध्ये बदल देऊन धोका टाळला. त्याची किंमत म्हणून बऱ्याच चाचण्यांत शून्य ते चार टक्के वेग कमी होतो, असे कंपनीने स्वतःच सांगितले. हा गेलेला वेग परत मिळवण्यासाठी मग हुकुमांची जुळणी करणाऱ्या असेंब्लर या साधनात सोय केली गेली. उडीचे हुकूम सीमारेषेवर येऊच नयेत म्हणून तो अधेमधे थोडी भर घालतो. प्रोग्रॅम जरा जाड होतो, पण धावतो. एका औषधाने पोट बिघडले म्हणून दुसरे द्यावे लागते, तसला हा प्रकार.

म्हणूनच हे उपाय सरसकट लावले जात नाहीत. कोणत्या चिपला, कोणत्या प्रोग्रॅमला, किती प्रमाणात, हे पाहावे लागते. हायड्रॉक्सियुरिया देतानाही आम्ही ठरावीक काळाने रक्तपेशींची संख्या तपासतो. गुण येतो आहे ना आणि अपाय होत नाही ना, या दोन्ही प्रश्नांकडे सारखेच लक्ष ठेवावे लागते.

प्रतिबंध उपचारापेक्षा बरा

असे दोष आधीच रोखता येतात का? बऱ्याच अंशी येतात, आणि त्याची एक कडी आपल्या महाराष्ट्रात आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. त्यात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे टी८०० हे प्रोसेसर होते. या टी८०० मधला दशांश गणिताचा भाग चिप कोरण्यापूर्वीच गणिती पद्धतीने तपासला गेला होता. भूमितीत प्रमेय सिद्ध करतात तसे ‘हा आराखडा नियमांप्रमाणेच वागेल’ हे सिद्ध करण्याचे काम इन्मॉसने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने केले. त्याबद्दल दोघांना १९९० मध्ये ब्रिटनचा राणीच्या नावाचा तंत्रज्ञान पुरस्कारही मिळाला. पेंटियमच्या प्रकरणानंतर इंटेलनेही या पद्धतीकडे अधिक लक्ष दिले.

तरीही आजच्या एका प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. सगळ्या शक्यता तपासणे माणसाच्या आणि यंत्राच्याही आवाक्याबाहेर आहे. लस असली तरी दवाखाना बंद करता येत नाही. कंपायलर आणि लिंकर सांभाळणारी माणसे लागणारच.

अशी माणसे आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने अनेक वर्षे जपानच्या रेनेसास कंपनीच्या चिपसाठी जीएनयूचे कंपायलर आणि लिंकर तयार करून दिले. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या खुल्या कंपायलरच्या अभ्यासाचे केंद्र चालवले आणि विद्यार्थ्यांना त्याच्या आतली रचना शिकवली. आता आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’ असे आपले प्रोसेसर येत आहेत. उद्या त्यांच्यातही दोष निघतील. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दोष नोंदवून जाहीर करणारी शिस्त आणि त्यांच्यावर तोडगा काढणारे अभियंते आपल्याजवळ असावेत, एवढेच. पेंटियमच्या वेळी लोकांचा विश्वास उडाला तो दोषापेक्षा लपवाछपवीमुळे. दोष उघड झाला तेव्हा बाहेरच्या चार माणसांनी काही आठवड्यांत उतारा शोधून दिला. निदान लपवले तर उपचार करणार कोण?

आपण काय करायचे?

सामान्य वापरकर्त्याला शुद्धिपत्र वाचण्याची गरज नाही आणि घाबरण्याचेही कारण नाही. पण हे सगळे उतारे आपल्यापर्यंत पोहोचतात ते अपडेटच्या रूपाने. अपडेट टाळणे म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेली गोळी खिशात ठेवून फिरणे. एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ आहे.

फोनची आणि ॲपची अपडेट वेळच्या वेळी घ्या. डेटा संपेल ही भीती असेल तर वायफाय मिळेल तेव्हा घ्या, पण घ्या. ॲप अधिकृत स्टोअरमधूनच उतरवा. कोणी तरी पाठवलेले जुने ॲप कोणत्या साधनांनी बांधले आहे, त्यात ही खबरदारी आहे की नाही, हे कळायला मार्ग नसतो. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे जसे विचारता, तसे सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हेही विचारा. अपडेट बंद झालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर रुग्णांच्या किंवा ग्राहकांच्या नोंदी ठेवू नका. निदान तो इंटरनेटला जोडू नका.

दवाखान्यांसाठी एक वेगळी सूचना. रक्ततपासणीची यंत्रे, मॉनिटर, इन्फ्युजन पंप यांच्यातही प्रोसेसर असतात. त्यांचे सॉफ्टवेअर कोणी हौशी माणसाने बदलू नये. ते उत्पादकाने तपासून दिलेलेच असावे आणि त्याची तारीख यंत्राच्या वहीत नोंदलेली असावी. आणि यंत्राने दिलेला आकडा रुग्णाच्या अवस्थेशी जुळत नसेल तर नमुना पुन्हा तपासावा. नाइसली यांनी तेच केले होते. उत्तर पटले नाही तेव्हा ते यंत्राच्या लौकिकाला भुलले नाहीत. त्यांनी पुन्हा मोजले.